न विचारता दिलेले चेहरे

सुलभा,

रविवारी तुझ्यासाठी सभा झाली. शहरातल्या फोटोग्राफर मंडळींनी हॉल घेतला होता. समोर टेबलावर तुझा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. एकेक जण उठून बोलत होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तेच येत होतं. सुलभाताईंनी आयुष्यात एकही खोटा फोटो काढला नाही. सुलभाताई म्हणजे विश्वास. मी पहिल्या रांगेत तुझ्या भावाशेजारी बसले होते. शेवटी निवेदकानं माझं नाव घेतलं, स्टुडिओतली तुझी इतक्या वर्षांची जोडीदार म्हणून. मी बसल्या जागेवरून हात हलवून नको म्हटलं. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाहीये. तुझ्या भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

रडू नव्हतं गं ते. उठून उभी राहिले असते तर सगळ्यांदेखत तुला एकच विचारलं असतं, की असं का वागलीस माझ्याशी. हार घातलेल्या फोटोला भरल्या हॉलमध्ये असं विचारणारी बाई लोकांना वेडी वाटली असती. म्हणून गप्प राहिले. पण गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला चांगलं माहीत आहे. 

तुझी-माझी ओळख भांडणातूनच झाली. आईनं मला स्थळांना दाखवायचा फोटो काढून आण म्हणून पाठवलं होतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत लाकडी जिना चढून वरच्या मजल्यावर तुझी एक खोली, दारावर हातानं लिहिलेली पाटी, ‘फक्त महिलांसाठी’. मी घरी आईशी वाद घालून तणतणत आले होते आणि तुला म्हटलं, पटकन काढा, मला जायचंय. तू कॅमेरा बाजूला ठेवून चहा टाकलास. “कुणाशी भांडून आलायसा?” म्हणून विचारलंस. मी सांगत सुटले. आईला काय वाटतं, मला काय वाटतं, एम.ए. पुरं करायचंय, सगळं. हातवारे करून बोलता बोलता दिव्याचा उजेड चमकला आणि तू म्हणालीस, “झालं. जावा आता.”

फोटोत माझ्या भुवया चढलेल्या, तोंड अर्धं उघडं. मी म्हटलं, असला फोटो स्थळाला पाठवायचा? तू म्हणालीस, “ह्या फोटूवर जो व्हय म्हणंल त्योच टिकंल बग.” तसंच झालं. माझा नवरा आजही म्हणतो की तो फोटो बघून त्याला वाटलं, हिच्याशी निदान बोलता तरी येईल.

लग्नानंतर मी तुझ्याकडे कामाला आले ती राहिलेच. तू कॅमेरा धरायचीस, मी कॉम्प्युटर आणि येणारी-जाणारी माणसं सांभाळायची. स्टुडिओचे नियम दोनच होते आणि दोन्ही तुझे. पहिला, रंग उजळायचा नाही. कुणीही कितीही सांगू दे, मुलीची आई पदर पसरू दे, सावळी मुलगी सावळीच दिसणार. दुसरा नियम तू प्रत्येक बाईला खुर्चीवर बसवताना तोंडानं सांगायचीस. दाराला आतून कडी लावायचीस, खिडकीचा पडदा ओढायचीस आणि म्हणायचीस, “हितनं फोटू भाईर जात न्हाई. निवांत बसा.”

त्या एका वाक्यावर बायका सैल व्हायच्या. मान वळवून पाठीवरचे केस पुढे घ्यायच्या, सासूचं सांगायच्या, हसायच्या. आपल्याकडे आलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते तिच्या लग्नाच्या अल्बममध्येही सापडायचं नाही. लोक त्याला तुझ्या हाताची जादू म्हणायचे. मला माहीत होतं, जादू त्या वाक्यात होती.

पहिला नियम कुठून आला ते तू मला फार उशिरा सांगितलंस. कुरुंदवाडला तुला बघायला पाहुणे येणार होते. गावातल्या फोटोवाल्यानं ब्रशनं तुझा चेहरा उजळून दिला होता, नाक जरा बारीक केलं होतं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं तो फोटो हातात धरून तुझ्या गालाशेजारी नेला, दोन्हीकडे बघितलं आणि तुझ्या वडिलांना म्हणाला, “पाटील, ही पोरगी ती न्हवं.” पोह्यांच्या बशा तशाच ठेवून माणसं उठली. तू सांगताना हसत होतीस. “मी तितंच उभा होतो गं,” म्हणालीस, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, “आन् मलाच वाटलं, खरंच मी ती न्हवं.” त्यानंतर तू कुणाला बघायला येऊ दिलं नाहीस. वडिलांच्या मागे लागून कॅमेरा घेतलास.

माझ्या आईच्या आजारपणातलं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिची केमो चालू होती, डोक्यावर एक केस राहिला नव्हता. ती आरशाकडे पाठ करून बसायची. तू रोज संध्याकाळी घरी यायचीस, कॅमेरा न आणता. तिच्याशी पत्ते खेळायचीस, खोटं खेळून हरायचीस, आणि ती तुला पकडायची. महिनाभर असं चाललं. मग एक दिवस तिनंच म्हटलं, “सुलभा, माझा एक फोटो काढ की गं, अशीच.” दुसऱ्या दिवशी तू कॅमेरा आणलास तेव्हा डोक्यावरचा स्कार्फ तिनं स्वतः सोडला. तो फोटो आमच्या घरात आहे. पान लपवताना तुला पकडून ती हसतेय, टकलावर खिडकीतलं ऊन. ती गेल्यावर नातेवाईक म्हणाले, आधीचा लावा, केस असलेला. मी ऐकलं नाही. माझी आई कशी होती हे तू मला दिलंस. हे ऋण आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

एआय आलं तेव्हा सुरुवातीला आपण हसलोच होतो. एक नेहमीची गिऱ्हाईक डोहाळेजेवणाचे फोटो दाखवायला आली. फुलांचा झोपाळा, मागे राजवाडा, हातात धनुष्यबाण. आपण विचारलं, कुणी काढले? ती म्हणाली, “काढले न्हाईत काकू. घरातला एक सेल्फी टाकला, फोननंच केलं समदं.” मग अशा बऱ्याच जणी यायच्या थांबल्या. स्थळांना दाखवायचे फोटोसुद्धा फोनच बनवू लागला. मुलगी घरात गाऊनवर उभी, आणि फोटोत पैठणी, खोपा, दागिने. खुर्ची रिकामी राहू लागली. तू दिवे पुसत बसायचीस.

मग एका दुपारी तू मला म्हणालीस, त्या मशीनला सांग, कोल्हापूरची नवरी दाखव. मी टाइप केलं. पडद्यावर चार नवऱ्या आल्या. चौघी दुधासारख्या गोऱ्या, चौघींची नाकं सरळ धारदार, डोळे घारे. एकीची नथ उजव्या नाकपुडीत. मी नथ बघून हसले. तू हसली नाहीस. “सावळी म्हणून सांग,” म्हणालीस. मी सांगितलं. तर मशीननं तीच बाई दिली, नुसता रंग जरा ओढलेला, जसा उन्हात फिरून आल्यावर होतो. “ह्यात आपण कुटं हाय?” तू विचारलंस. मी म्हटलं, कुठेच नाही, आणि नाही तेच बरं आहे की. तू डबा न उघडताच घरी घेऊन गेलीस.

त्यानंतर तो पुण्याचा माणूस आला. जाहिरातींसाठी मशीनकडून चित्रं बनवून देणाऱ्या कंपनीतला, बोलायला गोड. त्यांना इथल्या बायकांचे खरे फोटो हवे होते, चांगल्या उजेडातले, खऱ्या रंगाचे, खूप सारे. मशीन त्यावरून शिकेल म्हणाला. कुणाचा फोटो जसाच्या तसा वापरणार नाही म्हणाला. मी त्याला सरळ सांगितलं, आमच्याकडे बायका विश्वासानं बसतात, आम्ही देत नाही. मी तुझ्याकडे बघितलं. तूही नाही म्हणून मान हलवलीस. अगदी स्पष्ट हलवलीस, सुलभा. मी ती मान कितीदा आठवून बघितली आहे. मग तू त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलीस आणि मी कप विसळायला घेतले. मला वाटलं, विषय संपला.

मालनकाकी आली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. मी तिला ओळखलं नाही, तू ओळखलंस. कबनूरची, यंत्रमागावर काम करणारी. तिची लेक अश्विनी आपल्याकडे फोटो काढून गेली होती. स्थळं बघायला सुरुवात व्हायच्या आतच डेंग्यूनं गेली. काढलेला फोटो आपण मोठा करून दिला होता, हार घालायला. मालनकाकी खुर्चीवर बसली, पिशवीतून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. महाद्वार रोडच्या तोंडाशी साड्यांच्या दुकानाचा मोठा बोर्ड लागला होता, त्याचा फोटो. हिरव्या नऊवारीतली एक नवरी, सावळी, डोक्याला मुंडावळ्या, डाव्या बाजूनं किंचित वर गेलेला ओठ.

“माझी पोरगी हाय न्हवं ही?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “काकी, असं कसं असेल?”

“व्हट बगा की तिचा. हसताना असाच वर जायचा. बाई, तुमी त्या दिवशी असला बी फोटू काढलासा आन् मला दिला न्हाई. मी तिला नऊवारीत कधी बघितलं न्हाई. मला त्यो फोटू पायजे.”

ती भांडायला आली नव्हती. आपण तिच्यापासून एक फोटो लपवून ठेवला, एवढीच तिची तक्रार होती. दोन-तीन सोमवार ती एस.टी.नं येऊन त्या बोर्डासमोर उभी राहून परत जात होती. मी तिचे हात हातात घेतले. म्हटलं, काकी, अश्विनी पंजाबी ड्रेसवर आली होती, नऊवारीतला फोटो आम्ही काढलाच नाही. आणि आमच्याकडचा फोटो कुठल्याही दुकानाला जात नाही. माझ्या मुलाची शपथ घेऊन सांगते.

तू माझ्या मागे उभी होतीस. मी मुलाची शपथ घेतली आणि तू ती घेऊ दिलीस.

मालनकाकी गेली. तिचा काही विश्वास बसला नव्हता, पण ती गेली. तू कडी लावून आतल्या स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, “नीलू, मी दिल्या त्या पुण्याच्या माणसाला समद्या.” मला आधी कळलंच नाही, काय दिल्या. तू म्हणालीस, “डिस्क. फोटूंच्या समद्या. पयल्यापासनंच्या.”

त्या वेळी मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. तू काय बोललीस ते आठवतं. पैसे घेतले नाहीत म्हणालीस, आणि ते खरं होतं हे मला नंतर कळलं. घेतले असतेस तर मला सोपं गेलं असतं. तू म्हणालीस, “त्या मशीनला आपण दिसतच न्हाई गं. उद्या समदे फोटू त्येच करणार. बोर्डावर, पेपरात, पोरांच्या पुस्तकात. त्यात आपल्यासारखी एक बी बाई नसंल. पोरी म्हणतील, आपुन कुटं हाय? मी त्याला आपली तोंडं शिकवली. एवढंच केलं.”

“बायकांना विचारलंस?”

“एकेकीला कुटं इचारत बसू?”

“मला विचारलंस?”

“तू न्हाई म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस.”

 मग मला एकदम सुचलं आणि मी विचारलं, “माझ्या आईचा फोटो?” तू खाली बघितलंस. म्हणालीस, “दुसऱ्यांच्या आया दिल्या आन् तुझी तेवढी राखली, असं कसं करू?”

सुलभा, तुझ्या दृष्टीनं ते न्यायाचं बोलणं होतं, हे मला आता कळतं. त्या क्षणी मला तुला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. तिनं स्कार्फ तुझ्यासमोर सोडला होता. डॉक्टरसमोर नाही, माझ्यासमोरसुद्धा नाही, तुझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या पुण्याच्या माणसाला फोन केला. सगळे फोटो परत द्या आणि तुमच्याकडचे पुसा म्हटलं. तो अजिबात चिडला नाही. “फोटो पुसतो मॅडम,” म्हणाला, “पण मशीन त्यावरून जे शिकलं ते वेगळं काढता येत नाही. ते सगळ्यात मिसळून गेलंय.” मी विचारलं, मग बोर्डावरची बाई कोण? तो म्हणाला, “कुणीच नाही. हजारो जणींची मिळून एक.” मी कॉम्प्युटरवर अश्विनीचा फोटो आणि बोर्डाचा फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं. डोळे तिचे नव्हते, कपाळ तिचं नव्हतं, हनुवटी तर आपल्या दुसऱ्याच कुठल्या गिऱ्हाइकाची वाटत होती. ओठ मात्र तिचा होता. तू तिला काहीतरी बोलून हसवलं होतंस त्या दिवशी. मशीनला ते हसणं मिळालं, कुणामुळे हसली ते मिळालं नाही.

तुला आणखी एक सांगायचंय, जे भांडणात सांगता आलं नाही. बोर्ड चांगला होता. मी मुद्दाम जाऊन बघितला. इतक्या वर्षांत आपल्या गावात एवढ्या मोठ्या बोर्डावर आपल्यासारख्या रंगाची नवरी मी बघितली नव्हती. दोन कॉलेजच्या मुली त्याखाली उभ्या राहून सेल्फी काढत होत्या, त्यातली एक चांगली काळीसावळी होती. मी तिथे उभी राहिले आणि मला तुझं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच संताप आला. तू हे मला समजावून सांगितलं असतंस तर? आपण दोघींनी मिळून बायकांना बोलावलं असतं, खुर्चीवर बसवून विचारलं असतं. काही जणी नाही म्हणाल्या असत्या. बऱ्याच जणी हो म्हणाल्या असत्या, निदान तुझ्याकडे बघून. तुला तेवढा धीर नव्हता का? की इतकी वर्षं आम्हां सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून बघून तुला वाटायला लागलं होतं की ते तुझेच आहेत?

हे मी तुला विचारलंही होतं. तू म्हणालीस, “बोलू की निवांत.” ते निवांत राहून गेलं.

मी स्टुडिओची किल्ली टेबलावर ठेवली आणि यायची थांबले. तू मधेअधे फोन करायचीस. जेवलीस का, मी हो म्हणायची. पोराचं बरं हाय न्हवं, मी बरं आहे म्हणायची. दोघीही फोन ठेवायला तयार नसायचो आणि बोलायला काही नसायचं. शेवटच्या फोनला तू म्हणालीस, “कुरुंदवाडला जाऊन येतो चार दीस.” मी म्हटलं, जा. तिथेच, सकाळी अंघोळीचं पाणी तापवताना तू खाली बसलीस आणि उठली नाहीस, असं तुझ्या भावानं सांगितलं.

माझ्याकडे सगळ्या बायकांचे नंबर होते. सभा झाल्यापासून मी एकेकीला फोन करतेय. तुमचा फोटो आमच्याकडून बाहेर गेला, असा गेला, यासाठी गेला, हे सांगतेय. कुणी शिव्या देतं, आणि शिव्या खायला मी एकटीच उरले आहे. एकीच्या नवऱ्यानं फोन घेऊन पोलिसात जाईन म्हणून सांगितलं. मी म्हटलं, जा, मी जबाब देते. एक म्हणाली, “सुलभाताई असं करायच्या न्हाईत, तुमचाच काईतरी घोळ हाय,” आणि फोन ठेवला. शाहूपुरीतल्या एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “त्यात मला गोरी तर न्हाई ना केली?” मी नाही म्हटलं. “मग ऱ्हाऊ दे,” म्हणाली. 

मालनकाकीला फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. काल मी कबनूरला गेले. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट, तिचं घर कारखान्याच्या मागच्या अंगाला. ती पाळीवरून नुकतीच आली होती, केसांत कापसाची पिंज. मी बसायच्या आतच सांगायला सुरुवात केली. म्हटलं, काकी, मी शपथ घेतली ती खोटी निघाली. मला माहीत नव्हतं, पण खोटी निघाली.

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “त्या आलत्या की.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मागांच्या आवाजात नीट ऐकूही येत नव्हतं. ती जवळ सरकून मोठ्यानं म्हणाली, “तुमच्या सुलभाबाई. कुरुंदवाडला जाताना हितं उतरल्या. म्हणल्या, मालन, त्यो फोटू तुझ्या लेकीचा न्हवं, मशीनचा हाय. माझ्यामुळं झालंय. मी तिचं हसू दिलं त्याला.”

तू मला न विचारता दिलंस आणि मला न सांगता कबूल करून आलीस. फोनवर जेवलीस का विचारत होतीस, आणि हे सांगितलं नाहीस. काकीसमोर बसून मला तुझा भयंकर राग आला. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

“म्हणलं, कशाला सांगितलंसा?” मालनकाकीनं पदरानं तोंड पुसलं. “मला बोर्डावर तरी दिसत हुती. दर सोमवारी सुट्टीला जात हुतो मी. तुमी सांगितलंसा, आता मी तितं जाऊन कुणाकडं बघू? नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं? मी त्यास्नी बसा म्हणलं न्हाई. पाणी सुदीक इचारलं न्हाई. दार लावून घेतलं. त्या लई येळ भाईर उभ्या हुत्या, मागांचा आवाज ऐकत. मग गेल्या. आन् चार दिसांनी कळलं, त्या गेल्याच.”

 शेजारच्या शेडमधला एक माग बंद पडला असावा, आवाज थोडा उतरला.

“आता ह्यो राग मी कुणावर काढू, सांगा,” ती म्हणाली. “मेलेल्या बाईबद्दल वंगाळ बोलाय येत न्हाई. माझा मालक म्हणतोय, गप बस.”

मी म्हटलं, “माझ्याजवळ बोला, काकी.”

तिनं माझ्याकडे बघितलं. आधी तिला वाटलं, मी चाचपतेय. मग तिनं चहा टाकला. आणि आम्ही बोललो, सुलभा. तू हट्टी होतीस, हे ती म्हणाली. तू लबाड होतीस, हे मी म्हटलं. तुला दुसऱ्याच्या मनातलं सगळं कळायचं आणि तरी कुणाला विचारावं असं कधी वाटलं नाही, हे बहुतेक दोघींनी एकदमच म्हटलं. ती रडली, मीही रडले, आणि रडता रडता आणखी बोललो. इतके दिवस तुझ्याबद्दल जो तो चांगलंच बोलत होता. वाईट बोलायला मला कुणी भेटतच नव्हतं गं.

निघायला उशीर झाला. मालनकाकी मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आली. गाडी येईपर्यंत उभी राहिली. मी चढल्यावर खिडकीजवळ येऊन म्हणाली, “पुढच्या सोमवारी या. अजून लई बोलायचं ऱ्हायलंय त्यांच्याबद्दल.”

मी येते म्हटलं.